अक्षतामामांनी सांगितलेलं सुटलेलं घर

अक्षतामामांनी आमंत्रणाची यादी कधी हातात धरली नाही. धार आणि देवासच्या मराठी घरांत लग्न ठरलं की घरोघरी अक्षत द्यायला मामाच जात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कुंकू लावलेल्या तांदळाचा डबा, बाकी सगळं डोक्यात. कोणी यादी पुढे केलीच तर म्हणत, "भिया, कागद राहू दे. लग्न कोणाचं तेवढं सांग." यादीत घरं सुटतात, हा त्यांचा पक्का समज होता.

देवासला त्यांचं वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचं लहानसं दुकान होतं. लग्नसराईत ते बहुधा बंदच असायचं. एकदा धारची सगळी घरं उरकून ते परतीच्या बसमध्ये बसले आणि इंदूरला उतरल्यावर त्यांना आठवलं की एका म्हाताऱ्या काकूंकडे जायचं राहिलं. त्या काकूंशी यजमानांचं दहा वर्षं बोलणं नव्हतं, तिथे गेलं नसतं तरी कोणी विचारलं नसतं. मामा उलट पावली धारला गेले. मी त्यांची थट्टा केली, तेव्हा म्हणाले, "एक घर सुटलं ना बेटा, तर बाकीचं फिरणं सगळं पाण्यात." काकू लग्नाला आल्या, आणि जेवणावरून भांडूनही गेल्या.

ते आमच्या जातीचे नव्हते, नात्याचे तर नव्हतेच. आईला सख्खा भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची, इतकंच. पण माझ्या लग्नात मुलीला बोहल्यावर आणायला मामा हवा, तेव्हा आत्याने हळूच सुचवलं की एखादा चुलत-मावस मामा बघावा, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, "माझा भाऊ दारात उभा आहे, दुसरा कुठून आणू?" मामांनी त्या दिवशी नवं धोतर नेसलं होतं आणि ते दर दोन पावलांनी त्यांच्याच पायात येत होतं. मला आणत होते ते, पण सांभाळत मी त्यांना होते.

पुढे आमच्या मराठी मंडळाने ठरवलं की दोन्ही गावांतल्या घरांची नाती एका वेबसाइटवर दाखवायची. मी इंदूरला जावास्क्रिप्टवर पोट भरते, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. माहिती सगळी मामांची. ते माझ्या शेजारी बसून सांगत, मी भरत जाई. एक ठिपका बोटाने ओढला की त्याला जोडलेले सगळे ठिपके मागे सरकतात, हे पाहून ते जाम खूश झाले. "लग्नासारखंच आहे की हे," म्हणाले, "एकाला बोलवा, सगळे येतात." स्वतःचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही, घरच्यांचीही नाहीत. त्यांचं एकट्याचं मीच घातलं, आणि ज्या ज्या घरात ते मामा, काका, भाऊ होते तिथवर रेघा ओढल्या.

तिथेच घोळ झाला. त्यांच्या एका ठिपक्यातून इतक्या रेघा निघाल्या की पडद्यावर नुसतं जाळं झालं. अध्यक्षकाकांनी चष्मा वर करून विचारलं, "हे सगळ्यांचे मामा कसे? वंशावळ आहे की जत्रा?" मी फिल्टर लावला. रक्ताची, लग्नाची, मानलेली अशा नात्यांच्या तीन चौकटी केल्या आणि तिसरीची खूण काढून ठेवली, म्हणजे मानलेल्या नात्यांच्या रेघा दिसणार नाहीत. ज्या ठिपक्याला एकही रेघ उरत नाही तो आपोआप लपतो, हेही मीच लिहिलं होतं. चित्र सुरेख, मोकळं दिसायला लागलं. मामा त्यातून गेले आहेत हे मला दिसत होतं. मला कळलं नाही, असं आज म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

धारच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर ते दाखवलं, तेव्हा मामा पुढच्या रांगेत होते. लोक आपापली नावं शोधत होते, हसत होते. मामाही मान पुढे काढून बराच वेळ शोधत राहिले. मग टाळ्या झाल्या आणि ते माझ्याजवळ आले. "छान झालं बेटा. एक घर सुटलं बघ."

कोणतं, असं मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"असू दे, लहानसंच आहे."

मी घाईघाईने समजावलं की मानलेल्या नात्यांची चौकट आहे, तिच्यावर खूण केली की तुम्ही दिसता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कोणी विचारलं तरच," म्हणाले. मी हो म्हटलं. ते न विचारताही दिसावेत म्हणून कोडमध्ये एकच शब्द बदलायचा होता, 'फॉल्स'चा 'ट्रू'. पुढच्या आठवड्यात करू म्हणत सात महिने गेले. मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

मामा गेल्याचं आम्हाला अकराव्या दिवशी कळलं, तेही कोणाच्या तरी फोनवर त्यांचा हार घातलेला फोटो पाहून. आई उठली आणि डोक्यावरून आंघोळ करून आली. मानलेल्या भावाचं सुतक लागतं की नाही, हे तिने कोणालाच विचारलं नाही.

आम्ही देवासला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलाचं शिक्षण हिंदीत झालेलं, मराठी अडखळत बोलतो. दारातच हात जोडून म्हणाला, "दीदी, बाबूजींची डायरी-बियरी काही नव्हती, सगळं त्यांच्या डोक्यातच. गडबडीत तुमचं घर सुटून गेलं. बुरा मानू नका."

मी मान खाली घातली. आधी सोडलं ते मी, हे त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

घरी येऊन तो शब्द बदलला. चित्राचं पुन्हा जाळं झालं. अध्यक्षकाकांचा फोन येईल, येऊ दे. मामांचा ठिपका बोटाने धरून जरासा ओढला, तर धार आणि देवास दोन्ही त्याच्यामागे हलले, आणि त्यात आमचंही घर होतं.