पाठीवरचा डबा

परवा सुनेनं माळ्यावरचा तेलाचा जुना पत्र्याचा डबा भंगारवाल्यासाठी खाली काढला आणि त्याच्या गंजक्या वासानं मला सासूबाई आठवल्या. टेंभुर्णीजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी त्यांनी जन्मभर शेंदलं, पण साठी उलटल्यावर एका उन्हाळ्यात त्यांना त्याच विहिरीत पोहायची हौस आली. पोरं शिकतात तसा त्यांनी तोंड झाळून बंद केलेला हा रिकामा डबा पाठीला बांधला, लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला आणि कमरेच्या दोराचं टोक माझ्या हातात दिलं. माझा नवरा ओरडला, "माय, बुडशील! लोकं काय म्हणतील?" "लोकायला सांग, पाणी लई गार हाये," त्या म्हणाल्या, "आन् तू जाय, बैलं पाज." बरेच दिवस त्यांच्या नाकातोंडात नुसतं पाणीच गेलं. मग एका दुपारी पायरीवर बसून त्यांनी पाठीचा डबाच सोडला. मी दोर आवळून धरला. "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या." "दोर ढिला सोड बाई, वढून कामून राह्यली?" मी सोडला. कडुनिंबाची पिवळी पानं हातानं सारत, फुसफुसत त्या समोरच्या भिंतीला जाऊन टेकल्या आणि अशा मोठ्यानं हसल्या की कपारीतले पारवे उडाले. त्या घरात त्यांचं तसं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. कुणाचं कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही, पण बाई जिगरीची होती. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून म्हातारी आहे आणि मला पोहता येत नाही. सुनेला म्हटलं, "डबा इकडं आण. आन् दोर कुठंय बघ."