राजू बठ्ठाची तीन गाणी आणि माझं एक पत्र

राजू बठ्ठाचा धुळ्याचा कार्यक्रम ज्या पत्रामुळे रद्द झाला, ते पत्र मी लिहिलं होतं.

आज सकाळी राजू गेला. लिव्हर.

मी त्याची फॅन वगैरे नव्हते. पोळ्या लाटताना मोबाइलवर लागलं तर ऐकायचं, इतकंच.

फंक रॉक म्हणजे काय, हे मला अजूनही धड सांगता येणार नाही. बास गिटार पुढे, ढोल मागे आणि मध्ये राजूची अहिराणी. बँडचं नाव 'बठ्ठा', म्हणजे अहिराणीत 'सगळे'. म्हणून हा राजू बठ्ठा.

स्टेजवर शिव्या द्यायचा. आयोजकांशी भांडायचा. पिऊन यायचा. त्यातलं काही मी इथे धुऊन काढणार नाही.

पण तीन गाणी मला आवडायची.

एक, 'सीट मन्ही शे', म्हणजे सीट माझी आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर. हे सगळ्यांनाच आवडायचं.

दुसरं कूलरचं. मे महिन्यात जळगावात राहणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं, 'मन्ही मूठ'.

आमच्याकडे कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. तान्ह्या मुलाच्या नावानंसुद्धा. बाईच्या नावानं नाही.

गाण्यात एक बहीण एवढंच विचारते, "भाऊ, मन्ही मूठ कोठे शे?"

झालं. गहजब!

नाना म्हणजे माझे चुलत सासरे. भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा. जळगावात मेहरूणला आमच्या घरी आले, चहा घेतला आणि धुळ्याच्या मैदानवाल्यांना द्यायचा, राजूचा कार्यक्रम रद्द करा म्हणणारा कागद पुढे केला.

"सुनबाई, तुन्हं मराठी चांगलं शे. जरा नीट लिखी दे."

मी शाळेत मराठी शिकवते.

नानांनी लिहिलं होतं, 'भाविकांच्या भावना दुखावल्या आहेत.' मी 'समस्त भाविकांच्या' केलं. 'तीव्रपणे' हा शब्दही माझाच. शुद्धलेखन तपासलं. खाली सह्या झाल्या, त्यात माझीही.

मला एकच मुलगी आहे. आमच्या घरातून रोटाला एकच मूठ जाते, नवऱ्याची. हे सगळं माहीत असून मी ते पत्र लिहिलं. कुणी हात पिरगाळला नव्हता. नानांनी कौतुक केलं, मला बरं वाटलं. बस.

मैदानवाल्यांनी चार दिवसांत परवानगी काढून घेतली.

पुढच्या वर्षी एरंडोलच्या स्टँडवर राजू दिसला. एकटाच, पाठीला गिटारची काळी बॅग. मी ओळख दाखवली. गाणी ऐकते म्हटलं.

"कोनतं आवडस, ताई?"

"सीटचं," मी म्हटलं.

तो हसला. "बठ्ठा हाईच सांगतस."

मग धुळ्याच्या त्या कार्यक्रमाचा विषय त्यानंच काढला.

"मन्ही मायनी माले स्टेजवर एकदाबी दखं नही. त्या दिवशी ती येणार व्हती. नवं लुगडं इकत लई ठेयेल व्हतं."

मी गाडी येते का ते बघितलं.

"पत्र मातर भारी लिखेल व्हतं," तो म्हणाला. "एखादा मास्तरनं काम शे."

रागानं नाही. खरंच दाद देत होता.

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच तर होतो. तेवढ्यात जळगावची गाडी लागली आणि मी बाई, चढले गाडीत. खिडकीतून हातसुद्धा केला.

त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. धुळ्यात त्याचा कार्यक्रम कधीच झाला नाही.

आज सकाळपासून भाऊबंदांच्या ग्रुपवर राजू म्हणजे 'खान्देशचा सुपुत्र'. पहिला मेसेज नानांचा. खाली हात जोडलेल्यांची रांग. पत्रावर ज्यांच्या सह्या होत्या, ते बहुतेक सगळे त्यात आहेत.

दुपारी नानांचा फोन आला.

"सुनबाई, ग्रुपवर तुन्हं काही उनं नही. तुले लिखता येस. राजूवर दोन वळी लिखी टाक."

नाना, दोन ओळींत मावलं नाही. म्हणून ग्रुपवर न टाकता इथे सगळ्यांसमोर लिहिलं.

राजूभाऊ, ते मास्तरचं काम नव्हतं. मास्तरणीचं होतं.

तुमच्या आईचं ते लुगडं घडीचं राहिलं, ते माझ्यामुळे.

माफी मागायला उशीर झाला. श्रद्धांजली तेवढी घ्या.