चौथी मूठ

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. घरी आईला फोनवरही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी तळकोकणातला. आठवीत शाळा सुटली, आणि फिरत फिरत जळगावला पाइपच्या कारखान्यात लागलो. राहतो घरमालकीण अक्कांकडे, मागच्या खोलीत. कावीळ झाली तेव्हा महिनाभर याच बाईनं मला मऊ भात भरवला. हे आधी सांगतो — का, ते पुढे कळेल.

मी गोष्टी लिहितो. हसू नका. सुट्टीच्या दिवशी लिहायचो आणि अक्कांना वाचून दाखवायचो, कारण त्यांना वाचता येत नाही. त्या ज्वारी निवडत ऐकायच्या आणि अर्ध्यातच म्हणायच्या, "शेवटले तो मरी जाई ना? माले पहिलेच समजी गयं!" संपादकही तेच लिहायचे — शेवट आधीच कळतो, कलाटणी हवी. कलाटणी कुठून आणायची? मोबाइलवर ऐकलं होतं की ती वाचकाच्या समोरच ठेवायची, पण त्याला दिसू द्यायची नाही. ऐकायला सोपं आहे.

मग श्रावण आला. इकडे घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. घरात अक्कांचे यजमान नाना आणि दोन मुलगे — तीन. अक्कांनी चार वेळा काढले. मी सहज म्हटलं, अक्का, चुकलात. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

मग सांगितलं. धुळ्याच्या बहिणीला मूल नव्हतं. अक्कांनी आपला पहिला मुलगा पाळण्यातच तिच्या ओटीत घातला. तो विजू. दर सुट्टीत येतो, मावशी मावशी करतो. त्याला माहीत नाही. तिकडे त्याच्या नावानं गहू निघतातच, तरी अक्का इथेही काढतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणाला सांगू नकोस, म्हणाल्या. मी त्यांच्या पायाला हात लावून हो म्हटलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

हो, लिहिली. आठ दिवसांत. नावं बदलली, गाव बदललं. मुठी मात्र बदलल्या नाहीत — त्या बदलल्या असत्या तर कलाटणी बसली नसती. मी बाहेरचा माणूस, मला वाटलं हा बारीक तपशील, कोण लक्ष देतंय! इथल्या प्रत्येक घरात ते गहू मोजले जातात, हे मला सुचू नये? की सुचलं होतं?

गोष्ट दिवाळी अंकात आली, बक्षीसही मिळालं. अक्कांनी पेढा भरवला आणि म्हणाल्या, वाच. मी अंक उघडून समोर धरला आणि तोंडानं दुसराच शेवट रचत गेलो. नायक मेला. त्या हसून म्हणाल्या, "हाई तं माले पहिलेच समजी गयं!"

आठवड्यानं विजूचा फोन आला. "भाऊ, अंक वाचला. तुमच्या गोष्टीतली ती चौथी मूठ तुम्हाला कोणी सांगितली?" मी म्हटलं, कल्पना आहे रे. तो म्हणाला, "लहानपणी मी मावशीजवळ बसून मोजायचो. चारच असायच्या." मी हसलो. खरंच हसलो. त्यानं फोन ठेवला.

त्यानं धुळ्याच्या आईला विचारलं. तिला खोटं बोलता आलं नाही. कळलं कुठून, ते त्यानं सांगितलं नाही. सुरतेला निघून गेला, आता दोघींपैकी कुणाचाच फोन घेत नाही. बहीण म्हणते, अक्कांनीच सांगितलं. अक्का म्हणतात, तिनंच; माझ्यावर त्यांना संशयही येत नाही. फोनवरचं हे भांडण भिंतीपलीकडून मी रोज ऐकतो. एक वाक्य बोललो तर दोघी बहिणी सुटतील. पण मग ही खोली? हे ताट? मी जाऊ कुठे? — असं मनात येतं, आणि मी भाकरी मोडतो.

काल दुपारी अक्कांनी मला हाक मारली. बहीण फोन घेईना, तर मोबाइलवर मजकूर पाठवायचा होता. "तू लिखस ना? मंग लिख. तिले लागाले पाहिजे." त्या बोलत गेल्या, रडल्या. त्यांच्या बोलीतलं मी माझ्या मराठीत नीट बसवलं — एकदा मीच तुला दिला होता, आता तू तो कुणाचाच राहू दिला नाहीस. एक शब्द जरा मऊ वाटला, तो काढून धारदार घातला. वाचून दाखवलं. मग पाठवलं.

अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "चांगलं लिखं, भाऊ." आणि मला जेवायला वाढलं.

मी जेवलो.