बाईंना ‘सिट’ सांगितलं तेव्हा
इंग्लिश शिकवणाऱ्या बाई, पोळ्या करणाऱ्या दोघी सासूसुना आणि मी, एवढ्याच होतो तेव्हा नायगावच्या चाळीतल्या, वर्ग भरायचा त्या खोलीत. घडीची खुर्ची करकरली की अजून ती संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी दादरला एक आजारी म्हातारी सांभाळायचं काम बघायला जायचं होतं. तिचा सगळा जन्म परदेशात गेलेला, तिला इंग्लिशच कळायचं. माझा नवरा अंथरुणावर, काम मिळायलाच हवं होतं, त्यामुळे जीव थाऱ्यावर नव्हता. बाई इंग्लिशमध्ये सांगायच्या आणि आम्ही तसं करायचं, ही त्यांची शिकवायची रीत. त्या “सिट” म्हणाल्या, तशी खुर्ची समोर असून मी फरशीवरच बसले, कामाच्या घरी बसते तशी. सून फिसकन हसली. मग बाई म्हणाल्या, “मावशी, आता तुम्ही सांगा, मी करते.” शब्द येत होता, पण तोंडातून निघेना. जन्मात कुणाला हुकूम सोडला नव्हता. नुसता पदर पिळत राहिले. सासू ओरडली, “अगो, बोल! उद्या तू सांगितलं नाहीस आणि म्हातारी उभ्याउभ्या पडली म्हणजे?” तेव्हा एकदाचं “सिट” म्हटलं. बाई खुर्ची सोडून माझ्या शेजारी फरशीवर बसल्या. काम मिळालं, सहा वर्षं केलं. आता गुडघे खाली बसू देत नाहीत. तुम्ही कुणाला शिकवत असाल, तर एकदा तिचं ऐकून खाली बसा.