पाण्यात ठेवलेले ठोकळे

सिमेंट तपासण्याच्या त्या प्रयोगशाळेत जुन्या तपासनिसाला पाठीमागे सगळे ‘कारलं’ म्हणत. तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच. त्याचं कामही स्वभावाला साजेसंच होतं. सिमेंटचे मुठीएवढे ठोकळे पाडायचे आणि मग त्यांचा छळ मांडायचा. कधी आम्लात बुडवायचे, कधी मिठाच्या पाण्यात, कधी भट्टीत तापवून लगेच गार पाण्यात टाकायचे. टिकेल तो पास. माणसांनाही त्याने हाच नियम लावला, म्हणून त्याच्या घरात फारसं कुणी टिकलं नाही. बायको वारली. मुलीने सहा वर्षांपूर्वी त्याला न विचारता लग्न केलं आणि त्याने तिचं नाव टाकलं.

त्याच्यापाशी एकच गोष्ट उरली होती. एकतीस वर्षांत त्याचा एकही अहवाल मागे घ्यावा लागला नव्हता. निवृत्तीला चार महिने होते आणि एवढं एक बिनडाग घेऊन त्याला घरी जायचं होतं.

अशात सांडपाण्याच्या टाक्यांना आतून लावायचं, रबरासारखं पॉलिमर मिसळलेलं सिमेंट तपासायला आलं. कारलं ते पाहूनच भडकलं. “सिमेंटमध्ये रबर घालतात! उद्या लोखंडात साबण घालतील.” ठोकळे पाडले, रिवाजाप्रमाणे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले, मग आम्लात. महिन्याभरात कडा झडल्या, वजन घटलं. त्याने चवीने लिहिलं, ‘नापास’.

आठवड्याने त्या कारखान्याचा रसायनतज्ज्ञ दारात उभा राहिला. हाच त्याचा जावई. प्रयोगशाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कारल्याला ते कुणाला कळू द्यायचंही नव्हतं.

“बाबा, ठोकळे पाण्यात किती दिवस ठेवले होते?”

“इथे बाबा कुणी नाही. अठ्ठावीस दिवस. तुम्ही रांगत होतात तेव्हापासून ठेवतोय.”

“हे दोनच दिवस ओले ठेवायचे असतात. पुढे हवेत सुकवायचे. सुकल्याशिवाय आत पॉलिमरची जाळी धरतच नाही. पिशवीसोबत सूचनांचा कागद होता ना?”

कारल्याची नजर टेबलाखाली गेली. कागद होता. चार घड्या होऊन तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली बसला होता.

“अहवाल गेल्यापासून मला घरी बसवलंय,” जावई म्हणाला.

“मग बसा.”

पण त्या रात्री त्याला अन्न गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्याने उरलेल्या पिशवीतून नवे ठोकळे पाडले. दोन दिवस ओले, बाकीचे दिवस कोरडे. मग आम्लात टाकताना त्याने ते आम्लच दुप्पट कडक केलं. नापास व्हावेत अशी त्याची मनापासून इच्छा होती. रोज सकाळी तो झाकण उघडून ठोकळ्यांना शिव्या घालायचा. महिना उलटला. ठोकळे जसेच्या तसे. घणाचा घाव घालून पाहिला, तर मनगटच झिणझिणलं.

त्याने तो निकाल प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे टाकला. त्यांनी कारखान्याशी बोलून तोडगा काढला. “पिशवीला ओल लागली होती असं लिहू. कारखान्याचा माणूसही कबूल आहे. तुमचं नाव कुठे येणार नाही.”

जावई शेजारीच उभा होता. हळूच म्हणाला, “माझी हरकत नाही. तुमची एकतीस वर्षं आहेत.”

कारल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याने मला सांभाळून घ्यायचं? ज्याच्या पोटावर मी पाय दिला, त्याने? याच्या मेहेरबानीवर बिनडाग व्हायचं, त्यापेक्षा डाग बरा! त्याने साहेबांच्या हातातला अहवाल मागे घ्यायचा अर्ज ओढून घेतला आणि पेन इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावरही उमटलं: ‘पहिला अहवाल मागे. चूक तपासनिसाची. सूचनापत्र वाचले नाही.’

“कारणाचा रकाना राहिला,” साहेब म्हणाले. “का वाचलं नाही?”

आता तो अडला. चष्मा हरवला होता असं लिहिता आलं असतं. जावई खिडकीबाहेर बघू लागला. त्यालाही कारण माहीत नव्हतं. ते एकट्या कारल्यालाच माहीत होतं. पिशवी आली त्या दिवशी त्याने कागद उलगडला होता. सगळ्यात आधी नजर गेली ती तळाशी. ती वळणदार सही त्याने मुलीच्या लग्नाच्या कागदावर पाहिली होती. एक ओळही न वाचता त्याने घडी घातली होती, आणि टेबलाचा पाय उचलला होता.

त्याने लिहिलं, ‘खाली जावयाची सही होती.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “जावई? तुम्हाला जावई आहे?”

“आहे,” तो खेकसला. खिडकीपाशी उभ्या माणसाकडे त्याने बघितलं नाही. “सहा वर्षं झाली.”