सगळं दोनदा सांगणारी मावशी

आमच्या जिन्यात बातमी अशी फिरली, की मावशीने कॉलेजचे सगळे कॉम्प्युटर जाळले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बातमीतून धूर निघाला होता आणि अग्निशमन दलाची गाडीही येऊन गेली होती.

खरं एवढंच, की मावशीने एक प्लग उपटला. कॉम्प्युटरच्या वर्गात सरांनी आवडीचं वाक्य पडद्यावर पुन्हापुन्हा उमटवायला सांगितलं होतं. मावशीने कॉम्प्युटरला वाक्य दिलं, पुन्हा सांग असंही सांगितलं. थांबायचं कधी, तेवढं राहिलं. पडदा धो-धो वाहायला लागला. "अहो, हा थांबत का नाही? थांबत का नाही?" म्हणत तिने घाबरून वायर ओढली, आणि त्या एका प्लगवर अख्खी रांग होती. सहा पडदे काळे. बाकी पाच पोरांचं तासाभराचं काम गेलं. त्या दिवशी घरी येताना कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मावशी एक थांबा पुढे उतरली.

मावशी बसस्थानकावर निवेदिका. एकोणीस वर्षं काचेच्या खोलीत बसून ती माइकमध्ये सांगते, "गाडी क्रमांक बारा फलाट तीनवर उभी आहे," आणि लगेच पुन्हा तेच. प्रत्येक सूचना दोनदा, हा तिथला नियम. तो तिच्या अंगात इतका मुरला, की घरीसुद्धा "जेवायला या. जेवायला या." मी नाक दाबून तिची नक्कल करते तेव्हा शेजारच्या काकू खरंच ताट घ्यायला उठतात.

या वयात कॉलेजात जायची वेळ आली ती स्थानकप्रमुखांमुळे; त्यांनी तिला बोलावलं होतं. "बाई, निवेदनाचं नवं यंत्र येतंय. ज्याच्याकडे प्रमाणपत्र, तोच ते चालवणार. संवादकौशल्य आणि संगणकाची ओळख, दोन्ही पेपर पास व्हा. नाहीतर हरवलेल्या सामानाच्या खोलीत बदली."

ती खोली मावशीने पाहिलेली. खिडकी नाही, माइक नाही. "तिथे मी बोलू कुणाशी? छत्र्यांशी?" ती म्हणाली. एकदाच म्हणाली, तेव्हा कळलं की ती खरंच घाबरलीय.

वर्गातली निम्म्या वयाची मुलं तिला काकू म्हणत. संवादाच्या परीक्षेत वर्गासमोर तीन मिनिटं बोलायचं होतं. सरावात तीन मिनिटं संपली तेव्हा मावशी भाषणाच्या मध्यावर होती, कारण प्रत्येक वाक्य दोनदा.

"काकू, आम्हाला पहिल्या वेळेसच ऐकू आलं हो," सर हसत म्हणाले.

"तुम्हाला आलं. पण एखाद्याला आलं नसेल तर? त्याची गाडी जाईल ना."

वर्ग हसला. मावशी मात्र पुढचे चार दिवस सरावाला लागली. आरशासमोर उभी राहून ती एक वाक्य म्हणायची आणि दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरायची. ओठ सुजला.

"तुला नाही जमायचं," मी म्हटलं. "एक तरी वाक्य दोनदा येणारच. पैज?"

"पैज. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

कॉम्प्युटरची परीक्षा आधी झाली. प्रश्न नेमका तोच: सूचना दोनदा उमटवा. मावशीचा हात आधी प्लगकडे गेला, मग मागे आला. तिने सूचना एकदाच लिहिली आणि वर लिहिलं, दोन वेळा, मग थांब. पडद्यावर दोन ओळी आल्या. ती तिसरीची वाट बघत श्वास रोखून बसली. तिसरी आली नाही.

भाषणाला बाहेरच्यांनाही बसू देत होते. मी मागच्या बाकावर. मावशी उभी राहिली. पहिलं वाक्य झालं. ओठ पुन्हा त्याच शब्दासाठी उघडले. मी बोटावर मोजायला तयार! तेवढ्यात तिने मान वर केली.

एकोणीस वर्षांत तिने ऐकणाऱ्यांचे चेहरे कधी पाहिलेच नव्हते. काचेतून फक्त फलाटाचं छप्पर दिसे. इथे समोर चाळीस चेहरे, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने मान डोलावली. कळलं, असं. मावशी पुढच्या वाक्यावर गेली. मध्येच दार उघडून एक मुलगा धापा टाकत आत आला. गाडी चुकलेला प्रवासीच तो! मावशी अडखळली. तिने त्याच्याकडे पाहिलं, समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, तो बसेपर्यंत थांबली आणि पुढचं वाक्य घेतलं.

दोन मिनिटं पन्नास सेकंद.

निकाल आठवड्याने लागला. दोन्ही पेपर पास. मावशी प्रमाणपत्र घेऊन थेट माझ्या खोलीच्या दारात.

"पैज हरलीस," ती म्हणाली. "पैज हरलीस."

उत्तर अगदी जिभेवर होतं, तिच्याच आवाजात. गिळलं. महिन्याचे अजून तीस दिवस बाकी आहेत.