माझं सीताफळ परस्पर सोडलं

मैत्रिणींनो, काशी बघून परवाच हेब्बाळला घरी आलो आणि आज दुपारी माझं डोकं फिरलं.

शेजारच्या गौरम्मा अक्का देवनहळ्ळीच्या मळ्यातली सीताफळं घेऊन आल्या. सीताफळ म्हणजे माझा जीव की प्राण. मी हात पुढे केला, तर आमचे हे म्हणाले, "तिला नको. तिने काशीत सोडलंय."

"मी? कधी?"

"घाटावर. गुरुजी घाई करत होते, मागे रांग होती. मी दोघांचं सांगून टाकलं. आवडीचं सोडलं की पुण्य जास्त."

"आणि तुम्ही काय सोडलंत?"

"कारलं."

ज्या माणसाने चाळीस वर्षांत कारल्याला बोट लावलं नाही, त्याने कारलं सोडलं. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "पिकलं की स्वल्प चाखा हो," म्हणाल्या. मला काही हसू येईना.

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडायचं, ही आपली रीत मला मान्यच आहे. पण आजवर घरासाठी कितीतरी सुटत गेलं, कोणी विचारलं नाही. हे एक तरी स्वतःच्या तोंडाने सोडायचं होतं. आणि नेमकी त्या घडीला मी सगळ्यांच्या चपला सांभाळत पायऱ्यांवर उभी.

सीताफळं तांदळात ठेवलीत, दोन दिवसांत पिकतील. दुसऱ्याने परस्पर सोडलेलं आपल्याला लागू होतं का हो? जाणत्यांनी तोवर सांगा. ह्यांना विचारण्यात अर्थ नाही, ते माझ्या वतीने "हो" म्हणून मोकळे होतील.